मॅच संपल्यानंतरचा अर्धा तास

जून २०२५ मध्ये पुण्याहून एका वाचकाचं पत्र आलं, त्याला तेव्हा दिलेलं हे उत्तर. वय ३७, मूळ गाव कोल्हापूर, नोकरी आयटीत. मे १९९९ मध्ये मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबने चॅम्पियन्स लीगच्या बार्सिलोनातल्या फायनलमध्ये बायर्न म्युनिकवर इंज्युरी टाइममध्ये दोन गोल मारले, ती मॅच त्यांनी अकराव्या वर्षी काकांच्या घरी पाहिली. तेव्हापासून टीम बदलली नाही. २०२४-२५ च्या सीझनमध्ये युनायटेडच्या ६० मॅचपैकी ५० च्या वर त्यांनी पाहिल्या, बहुतेक रात्री जागून. टीम इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये १५ वी आली. २१ मे रोजी बिल्बाओमध्ये टॉटनहॅमविरुद्ध युरोपा लीगची फायनलही ०-१ ने गेली. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे जवळपास अडीच वाजले होते. त्यांनी रिमोट भिंतीवर फेकला, तो फुटला आणि नऊ वर्षांचा मुलगा जागा झाला. आठवड्याभराने मुलाने वाढदिवसासाठी लिव्हरपूलची जर्सी मागितली. मॅच असली की पत्नी मुलाला घेऊन आतल्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. कॉलेजच्या ग्रुपमधल्या एका जवळच्या मित्राशी बोलणं बंद आहे. त्यांचे प्रश्न तीन आहेत: २६ वर्षांची टीम सोडली तर मी गद्दार ठरेन का? सोडायची नसेल तर पुढचा सीझन कसा काढू? आणि मुलाला कसं वळवू?

प्रिय वाचक,

तुमच्या तीन प्रश्नांकडे येतेच, पण पत्रातलं एक वाक्य तुम्ही फार भरभर लिहून टाकलं आहे. रिमोट फुटला, मुलगा उठला, आणि पुढच्याच ओळीत तुम्ही मॅनेजर अमोरिमच्या बदली खेळाडूंवर पोहोचलात. मला त्या वाक्यापाशी थांबायचं आहे.

मुलगा हरणाऱ्या टीमला कंटाळला, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं असेलही. पण नऊ वर्षांच्या मुलाच्या जागी बसून पाहा. युनायटेडची मॅच म्हणजे बाबांचा आवाज चढतो, आई दार लावून घेते, रात्री काहीतरी फुटतं आणि सकाळी घरात कुणी धड बोलत नाही. टेबलात टीम कितवी आहे याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. शाळेत लिव्हरपूलची जर्सी घालणारी मुलं सोमवारी हसत येतात, एवढं त्याला दिसतं. त्याने लिव्हरपूलची निवड केली की युनायटेडच्या रात्रीपासून सुटका मागितली, हे तुम्ही त्याला विचारलेलं दिसत नाही.

म्हणून पहिलं काम टीमचं नाही. दिवसाउजेडी, मॅच नसताना, त्याच्या शेजारी बसा आणि म्हणा, "त्या रात्री मी रिमोट फेकला आणि तू घाबरून उठलास. ते माझं चुकलं. परत तसं होणार नाही." बस, इतकंच. त्यात टॉटनहॅम आणू नका, "पण बाबांना किती वाईट वाटलं" आणू नका, आणि लगेच जर्सीचा विषय काढू नका. पत्नीशी वेगळं बोला. तिला फक्त विचारा की दार लावून घ्यायची वेळ कधीपासून आली. उत्तर ऐकताना स्वतःची बाजू मांडायची नाही, हे आधीच ठरवून बसा. आणि एक गोष्ट स्वतःपाशी तपासा: असा राग फक्त फुटबॉलपुरता येतो, की गाडी चालवताना, ऑफिसात, मुलाच्या अभ्यासावरही येतो? दुसरं असेल तर युनायटेड हे निमित्त आहे. मग समुपदेशकाशी बोला. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं.

आता टीमकडे येऊ.

तुमच्या पत्रात "या लोकांना काही पडलेलीच नाही" हे वाक्य तीनदा आहे. राग टिकून राहतो तो याच समजुतीवर, म्हणून ती आकड्यांवर घासून पाहू. ३८ मॅच, ११ विजय, ९ बरोबरी, १८ पराभव, ४२ गुण. मारलेले गोल ४४, खाल्लेले ५४. यातले ११ गुण आधीचे मॅनेजर टेन हाग यांच्या ९ मॅचमधले. २८ ऑक्टोबरला त्यांना काढलं. मधे हंगामी मॅनेजर व्हॅन निस्टलरॉयने लीगच्या २ मॅच सांभाळल्या, गुण ४. उरलेले २७ गुण अमोरिमच्या २७ मॅचमधले. आधीच्या सीझनला याच टीमचे ६० गुण होते आणि एफए कपही होता. माणसं बहुतांशी तीच असताना एका वर्षात १८ गुण कसे गळाले? सगळ्यांनी एकदम मेहनत सोडली, हे उत्तर सोपं आहे, पण ते मैदानावर दिसणाऱ्या गोष्टींशी जुळत नाही.

मैदानावर काय दिसत होतं? टेन हागची टीम चार बचावपटू, पुढे दोन मधले, मग तीन आणि एक स्ट्रायकर अशा रचनेसाठी बांधलेली होती. त्यात बाजूने धावणारे विंगर भरपूर: गार्नाचो, रॅशफर्ड, अँटनी. अमोरिम तीन बचावपटूंची ३-४-३ रचना घेऊन आला, आणि तिच्यात विंगर नावाची जागाच नाही. बाजूची सगळी पट्टी विंग-बॅकने एकट्याने सांभाळायची, वर जायचं आणि परत यायचं. डावीकडे तसा माणूस फेब्रुवारीपर्यंत नव्हताच. पॅट्रिक दोर्गू आला तो लेच्चेकडून, खेळाडू खरेदीच्या हिवाळी खिडकीत. तोवर उजव्या पायाचा दालो अनेकदा डावीकडे खेळत होता. उजव्या पायाचा माणूस डाव्या रेषेवर बॉल घेतो, क्रॉस टाकण्याआधी आत वळतो, आणि त्या दोन सेकंदांत समोरचा बचाव उभा राहतो. आक्रमण "सुस्त" दिसतं ते असं.

दुसरी गळती मधल्या फळीत. ३-४-३ मध्ये मधे फक्त दोघं. समोरच्याने मधे तिघं ठेवले की एक जण कायम मोकळा. त्याला गाठायला मागच्या तिघांपैकी एकाने पुढे यावं लागतं, आणि तो आला की त्याच्या मागे भोक पडतं. कासेमिरो आता पूर्वीसारखं मैदान कापत नाही, उगार्ते बॉल हिसकावतो पण पुढे देताना अडतो, मेनू दुखापतीत बराच काळ बाहेर. पुढे स्ट्रायकरांची गत अशी की हॉयलुंडचे लीगमध्ये ४ गोल, झिर्कझीचे ३. ब्रुनो आणि अमाद यांचे प्रत्येकी ८, आणि अमादसुद्धा फेब्रुवारीत घोट्याच्या दुखापतीने बसला. त्याच महिन्यात लिसांद्रो मार्टिनेझचा गुडघा गेला.

यावर प्रश्न येतो, मग रचना शिकवली का नाही? कधी शिकवणार? अमोरिम ११ नोव्हेंबरला रुजू झाला, म्हणजे सीझनच्या आधीचे सरावाचे आठवडे त्याला मिळालेच नाहीत. गुरुवारी युरोपा लीग, रविवारी लीग. शुक्रवार अंग मोकळं करण्यात जातो, शनिवारी हलका सराव, रविवारी मॅच. एका नव्या रचनेत कुणी कधी पुढे सरकायचं हे पायात मुरायला आठवडेच्या आठवडे तेच तेच करावं लागतं. तो वेळ नव्हता, आणि हे माहीत असूनही त्याने रचना बदलायला नकार दिला. इथे दोष त्याचा आणि त्याला अर्ध्या सीझनमध्ये आणणाऱ्यांचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण "पडलेली नाही" हा दोष वेगळा. १७ एप्रिलची युरोपा लीगमधली ल्योंविरुद्धची मॅच आठवा. जादा वेळेत २-४ ने मागे. ल्योंचे दहाच जण उरले होते, हे खरं. तरी ११४ व्या मिनिटाला ब्रुनोची पेनल्टी, १२० व्या मिनिटाला मेनू, १२१ व्या मिनिटाला मग्वायरचं डोकं, आणि ५-४. ज्यांना पडलेली नसते ते १२० मिनिटांनंतर गोलपेटीत घुसत नाहीत.

पुढच्या सीझनमध्ये हे स्वतः तपासायची एक पद्धत सांगते, आणि ती कोणत्याही टीमच्या चाहत्याला उपयोगी पडेल. गोल खाल्ल्यावर टीव्ही आपल्याला शेवटचा चुकलेला माणूस दाखवतो: हात निसटलेला गोलकीपर, घसरलेला स्टॉपर. दुसऱ्या दिवशी तोच गोल लावा आणि १५ सेकंद मागे जा. चित्र थांबवा. बॉल कुणी गमावला? त्या क्षणी मधल्या पट्ट्यात आपले किती आणि त्यांचे किती? विंग-बॅक कुठे होता? पाच-सहा गोल असे पाहिलेत की चुकांचे दोन-तीन ठसे परत परत दिसू लागतील. राग पूर्णपणे जाणार नाही, पण तो एका माणसाच्या तोंडावरून उठून एका दुरुस्त होण्याजोग्या जागेवर बसेल. मॅच पाहतानाही तुम्ही मग बॉलच्या दोन पास पुढे पाहायला लागाल, आणि हरलेली मॅचसुद्धा वाया गेल्यासारखी वाटणार नाही.

एक्सजी (अपेक्षित गोल) हा आकडा तुम्ही वापरता, तो एका मॅचवरून वापरू नका. प्रत्येक फटक्याला गोल होण्याची शक्यता किती, त्यांची ती बेरीज. पेनल्टी साधारण ०.७८ ची. एका मॅचमध्ये एका पेनल्टीनेही आकडा फुगतो. दहा मॅचची बेरीज घ्या. मारलेले गोल एक्सजीपेक्षा बरेच कमी असतील तर फटके मारणाऱ्यांत खोट आहे. एक्सजीच कमी असेल तर संधीच तयार होत नाहीत. दोन्हींवर औषध वेगळं.

"मग एका उन्हाळ्यात सगळी टीम बदलत का नाहीत" याचं उत्तर हिशेबात आहे. प्रीमियर लीगच्या २०२५-२६ च्या सीझनला लागू असलेल्या नियमाने क्लबला तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंडांचा तोटा दाखवता येतो. खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत वाटली जाते, फार तर पाच वर्षांत. म्हणजे ६ कोटींचा खेळाडू दरवर्षी १.२ कोटींचा खर्च म्हणून वहीत बसतो, आणि जुन्या चुकीच्या खरेदीचे हप्तेही तिथेच बसलेले असतात. अकादमीतून आलेला खेळाडू विकला तर खरेदी किंमत शून्य असल्यामुळे सगळी रक्कम नफा. म्हणून गार्नाचो आणि मेनूच्या विक्रीच्या बातम्या येत राहिल्या. आता वुल्व्ज्कडून कुन्या आला आहे, गेल्या सीझनला त्याचे लीगमध्ये १५ गोल होते. एक माणूस आला म्हणून मधली फळी भरत नाही, एवढं लक्षात ठेवून त्याच्याकडे पाहा.

आता तुमची दुसरी समजूत, जी तुम्ही लिहिली नाही पण पत्रभर जाणवते: युनायटेड म्हणजे जिंकणारी टीम, आणि सध्याचं काहीतरी तात्पुरतं विघ्न आहे. तुम्ही सुरुवात केली ती १९९८-९९ ला. तिथून २०१२-१३ पर्यंत १५ सीझनमध्ये युनायटेडने ९ वेळा लीग जिंकली. त्यानंतरच्या १२ सीझनमध्ये एकदाही नाही. तुमच्या चाहतेपणाचा जवळजवळ अर्धा काळ हा दुसरा काळ आहे. तुम्ही दर शनिवारी पहिल्या काळातली टीम पाहायला बसता आणि समोर दुसरीच येते. चिडचिडीचा मोठा भाग या अंतरातून येतो. ही टीम १९७४ मध्ये खालच्या डिव्हिजनमध्ये गेली होती. पुढच्याच सीझनमध्ये ती परत वर आली, आणि त्या खालच्या डिव्हिजनच्या वर्षातही ओल्ड ट्रॅफर्ड या तिच्या मैदानाची सरासरी गर्दी देशात सर्वांत जास्त होती. मॅनेजर फर्ग्युसन १९८६ च्या नोव्हेंबरात आले तेव्हा टीम तळापासून दुसरी होती. पहिल्या चार सीझनअखेर क्रमांक होते ११, २, ११, १३. लीग मिळाली १९९३ ला, २६ वर्षांनी. हे पुन्हा तसंच घडेल असा दिलासा मी देत नाही, कारण तसं म्हणायला आधार नाही. पण १५ वा क्रमांक हा या क्लबच्या इतिहासाबाहेरचा अपघात नाही, त्याच इतिहासातलं एक पान आहे. आणि तुमचा मुलगा नऊ वर्षांचा. त्याच्या आयुष्यात युनायटेडने लीग जिंकलेलीच नाही, लिव्हरपूलने दोनदा जिंकली, २०२० आणि २०२५. त्याच्या डोळ्यांनी पाहिलं तर त्याची निवड अगदी सरळ आहे.

गद्दारीचा प्रश्न. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने कर्ज काढून क्लब ताब्यात घेतला तेव्हा मँचेस्टरमधल्याच काही चाहत्यांनी ओल्ड ट्रॅफर्डला जाणं सोडलं आणि एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला. एक सभासद, एक मत. आज ब्रॉडहर्स्ट पार्क हे त्यांचं स्वतःचं मैदान आहे. पिढ्यान्‌पिढ्या युनायटेडच्या गल्लीत राहणाऱ्या माणसांनी हे केलं. काहींनी सोडलं, काही राहिले, काही २०२५ मध्ये काळे कपडे घालून मालकांविरुद्ध मोर्चात चालले. तिथली निष्ठा इतक्या प्रकारची असेल, तर पुण्यातल्या फ्लॅटमध्ये पहाटे तीनपर्यंत जागून स्वतःला शिक्षा करणं हा एकच प्रकार तुमच्यासाठी कुणी ठरवून दिला?

तुमच्यासमोर वाटा तीन. एक, फुटबॉलच काही काळ बंद. हा पर्याय मी हलका समजत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर, तीन महिने. घरात शांतता आली आणि तुम्हाला मॅचची आठवणसुद्धा आली नाही, तर उत्तर मिळालं. दोन, दुसरी टीम धरणं. हे मन लावून होत नाही, असा अनुभव बहुतेकांना येतो. ज्या टीमचे पराभव आपण सोसलेले नाहीत तिचा विजयही पाहुण्यासारखा येतो. आणि तुमचा प्रश्न हरण्याचा आहे त्याहून अधिक हरल्यावर घरात काय होतं याचा आहे, तो नव्या टीमसोबतही येईल. तीन, तीच टीम, पण पाहण्याचं प्रमाण आणि रीत बदलून. तुमचं पत्र वाचून मला तिसरी वाट तुम्हाला मानवेल असं वाटतं. १९९९ ची ती रात्र तुम्ही ज्या मायेने लिहिली आहे, तसं लिहिणारा माणूस सोडून जायला तयार नसतो.

तर तिसऱ्या वाटेचा तपशील. गेल्या सीझनला ६० मॅच, प्रत्येकी दोन तास धरले तर १२० तास, आणि त्यात युरोपा लीगच्या गुरुवारच्या रात्री. २०२५-२६ मध्ये टीम युरोपात नाही. लीगच्या ३८ आणि कपच्या ज्या असतील त्या. फक्त युरोपसाठी सोनी लिव्हची वर्गणी भरत असाल तर ती थांबवा. वेळा अशा: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत इंग्लंड आपल्या साडेचार तास मागे, तिथून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेपाच तास. तिकडची दुपारी साडेबाराची मॅच आपल्याकडे संध्याकाळी ५ किंवा ६ ला, तीनची साडेसात किंवा साडेआठला, साडेचारची ९ किंवा १० ला, साडेपाचची १० किंवा ११ ला. रात्री आठची म्हणजे आपल्याकडे साडेबारा किंवा दीड.

माझा सल्ला असा. साडेनऊच्या आत सुरू होणारी मॅच टीव्हीवर, दिवाणखान्यात. दहा-अकराची मॅच फक्त दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तर, आणि लॅपटॉपवर, कानात इअरफोन घालून. मध्यरात्रीनंतरची एकही थेट नाही. ती सकाळी सहाला उठून पाहा. ते जमायला तयारी लागते: झोपण्यापूर्वी ग्रुप आणि स्कोअरच्या ॲपचे नोटिफिकेशन बंद, सकाळी फोन हातात न घेता थेट टीव्ही, आणि ॲपच्या पहिल्या पानावर न रेंगाळता नाव शोधून पूर्ण मॅच लावायची, कारण पहिल्या पानावरच्या चित्रातच स्कोअर लिहिलेला असतो. सकाळी पाहिलेल्या मॅचचा राग निम्माही येत नाही. झोप झालेली असते, आंघोळीची वेळ होते, आणि निकाल लागून सहा तास झालेत हे मनाला ठाऊक असतं.

मॅचपूर्वी ठरवून घ्यायची गोष्ट म्हणजे शेवटच्या शिटीनंतरचा अर्धा तास. तुमचं सगळं नुकसान त्या अर्ध्या तासात झालेलं आहे: रिमोट, मित्र, झोप. शिटी वाजली की टीव्ही बंद, विश्लेषकांच्या आधी. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. मग उभे राहा. भांडी घासा, गच्चीत चकरा मारा, उद्याचा डबा भरायची तयारी करा. हात आणि पाय चालते हवेत. मॅनेजरची पत्रकार परिषद, चाहत्यांचे ओरडण्याचे व्हिडिओ, सगळं दुसऱ्या दिवशी दुपारी. ते व्हिडिओ मुळात पराभवानंतर जास्त पाहिले जातात म्हणूनच तसे बनवलेले असतात. मॅच चालू असताना आवाज चढायला लागला तर मध्यंतरापर्यंत थांबू नका, पाणी प्यायला उठा. ०-२ ने मागे असताना उठून जाणं हा पळपुटेपणा नाही. पत्नीला हा नियम सांगून ठेवा. त्यावर पहारा द्यायचं काम मात्र तिच्याकडे सोपवू नका.

निकालाकडे पाहायला दहा-दहा मॅचचे टप्पे करा. गेल्या सीझनच्या गतीने दहा मॅचमध्ये ११ गुण होतात. १५ झाले तर ती टेबलाच्या वरच्या अर्ध्यातली गती आहे. गेल्या वर्षी पाचव्या आलेल्या न्यूकॅसलचे ६६ गुण होते, म्हणजे दहाला १७ च्या थोडे वर. वहीत प्रत्येक मॅचला एक ओळ: पहिला गोल कुणी आणि कितव्या मिनिटाला, आपले गोलवरचे फटके, कॉर्नर किंवा फ्रीकिकवरून खाल्लेले गोल. दहाव्या मॅचनंतर एकदा बेरीज. सातव्या मॅचला टीम चौदावी आहे की दहावी, यावर त्या आठवड्याची मनःस्थिती टांगायची नाही. गेल्या सीझनला वेस्ट हॅम ४३ गुणांवर चौदाव्या जागी होती, आणि युनायटेड व वुल्व्ज् दोघांचेही ४२. एका बरोबरीचा फरक. त्यातच पाहा, टॉटनहॅम ३८ गुणांनी सतरावी आली आणि तरी १७ वर्षांनी तिने ट्रॉफी उचलली. पुढच्याच महिन्यात तिच्या मॅनेजरला काढलं. एका सीझनचं एका शब्दात वर्णन करायला गेलं की असं सगळंच फसतं.

मित्राचं. ग्रुप "म्यूट" करताना आठ तास, एक आठवडा आणि कायमचा असे तीन पर्याय येतात. मॅचच्या दिवशी आठ तास पुरतात. ग्रुप सोडू नका, सोडणं हाच पुन्हा चर्चेचा विषय होतो. आणि त्या मित्राला फोन करा, मॅच नसलेल्या दिवशी, फुटबॉल सोडून दुसऱ्या कामासाठी. तो चिडवत होता, तुम्ही हरलेल्या रात्री वाचत होतात; दोघांच्या घड्याळात फरक होता. मॅचवर पैसे लावत असाल तर मात्र वर लिहिलेलं काहीच पुरणार नाही. पत्रात तसं नाही, पण हे वाचणाऱ्यांत कुणी असेल तर आधी ते थांबवा, मग टीमचा विचार करा.

राहिली मुलाला "वळवण्या"ची गोष्ट. वळवू नका. तुम्हालाही काकांनी वळवलं नव्हतं, तुम्ही त्यांच्या घरी एक आनंदाची रात्र पाहिली. त्याला हवी ती जर्सी वाढदिवसाला घेऊन द्या, तोंड वाकडं न करता, आणि "पण मॅच मात्र..." अशी अट न घालता. लिव्हरपूलबद्दल त्याला विचारा: कोण आवडतो, का आवडतो. नऊ वर्षांचा मुलगा सलाहच्या डाव्या पायाबद्दल जे सांगेल ते नीट ऐका. आणि डिसेंबर-जानेवारीत गावी जाल तेव्हा त्याला शाहू स्टेडियमवर घेऊन जा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही कोल्हापूरच्या टीमची नावं तुम्हाला सांगायला नकोत. टीव्हीवरचं फुटबॉल कितीही चांगलं असलं तरी त्यात बुटाला लागलेल्या बॉलचा आवाज पोहोचत नाही, आणि शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही. पुण्याने डीएसके शिवाजीयन्स आणि एफसी पुणे सिटी हे दोन्ही क्लब काही वर्षांत गमावले, त्यामुळे तुमच्या शहरात त्याला हे दाखवायची सोय फारशी उरलेली नाही. कोल्हापुरात ती आहे.

२०२५-२६ च्या सीझनचं वेळापत्रक आलं आहे. युनायटेडची पहिली मॅच १७ ऑगस्टला, रविवारी, ओल्ड ट्रॅफर्डवर आर्सेनलशी, आपल्याकडे रात्री ९ ला. माझ्या नियमात ती टीव्हीवर बसते. दुसऱ्या दिवशी शाळा आहे, म्हणून मुलाला मध्यंतरापर्यंत बसायचं का एवढंच विचारा. तो लिव्हरपूलची जर्सी घालून बसला तर बसू द्या. नाही म्हणाला तर आतल्या खोलीचं दार उघडं ठेवायला सांगा, आणि आवाज तेवढा कमी ठेवा की दार उघडं ठेवून त्याला झोप लागेल.